पाठीच्या कण्यातला कर्करोग

कामगाराची पाठ दुखते ही काही बातमी नव्हे. साच्यावर उभा राहणारा विणकर, मालधक्क्यावर पोती वाहणारा हमाल, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई, सगळ्यांचीच दुखते. तेल चोळायचे, शेकायचे नि पाळीवर जायचे. त्यामुळेच या दुखण्याचा इतिहास आम्हां मंडळींनी वाचायला हवा.

लंडनचा शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट याने १७७५ साली लिहिले की, धुराडी साफ करणाऱ्यांना काजळीमुळे कर्करोग होतो. धंदा माणसाला असा खातो हे स्पष्ट सांगणाऱ्या पहिल्या काही जणांत तो होता. चारच वर्षांनी त्याने बाक आलेला कणा आणि लुळे पडणारे पाय यांचे वर्णन केले. हा दुसरा रोग मात्र मणक्याचा क्षय होता, आणि आपल्याकडे घोटाळा होतो तो येथेच. क्षय आपल्या ओळखीचा; मणका खचला की क्षय समजून औषध सुरू होते. सुईने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, तेव्हा कर्करोग निघतो.

कण्यातला कर्करोग बहुधा तेथला नसतो. फुप्फुस, स्तन किंवा पुरुषाची पुरस्थ ग्रंथी येथून तो येतो. कण्याभोवतीच्या शिरांना झडपा नाहीत, रक्त दोन्हीकडे वाहू शकते, हा एक मार्ग बॅटसन याने १९४० साली दाखविला. क्ष-किरण १८९५ पासून आहेत खरे, पण मणक्याचे बरेचसे हाड झिजल्यावरच त्यांत खोट दिसते. मज्जारज्जूवरचा दाब स्पष्ट दाखविणारे चुंबकीय चित्रण १९८० नंतर आले.

मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले. टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ साली सुरू झाली. तेव्हा त्या इस्पितळाच्या विटांत नागपूरच्या घामाचाही अंश आहे असे आम्ही धरतो, मालकमंडळींना रुचो वा न रुचो! तुकडोजी महाराजांनी कर्करोगाने १९६८ साली देह ठेवला. आज नागपुरात त्यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे.

पूर्वी शल्यवैद्य मणक्याची मागची कमान काढीत. गाठ बहुधा पुढच्या भागात असे, आणि कणा उलट डळमळीत होई. पुढे नुसत्या किरणांवर भिस्त राहिली. २००५ साली अमेरिकेत १०१ निवडक रोग्यांची तुलना प्रसिद्ध झाली: दाब काढून कणा सावरला व मग किरण दिले, त्यांतले शेकडा ८४ चालू शकले, नुसत्या किरणांनी ५७. मात्र पाय जाऊन दोन दिवसांहून अधिक काळ लोटलेले रोगी त्यांत घेतलेच नव्हते. रात्री निजल्यावर वाढणारी कळ, पायांतले बळ जाणे, लघवी तुंबणे ही लक्षणे दिसली की त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे ते एवढ्यासाठी.

नुसत्या वेदनेसाठी किरणांची एकच बैठक पुष्कळदा दहा बैठकांइतकाच आराम देते. हातावर पोट असलेल्याचे तेवढे खाडे वाचतात. पुन्हा किरण घेण्याची पाळी मात्र अशांवर अधिक वेळा येते.