शेणाचं पाणी, पाण्याचे मासे

आजचा विषय शेण. नाक मुरडू नका, यामागे मोठा इतिहास आहे!

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' लिहिला. त्यात 'मत्स्यविनोद' हा भागच आहे. माशांच्या जाती कोणत्या, त्यांना चारायचं काय, गळाला लावायचं कसं... राजाचे मासे, त्यामुळे थेट घास भरवायचा. गरिबाची रीत वेगळी. चीनमध्ये डुकरांची विष्ठा, बंगालमध्ये गाईचं शेण तळ्यात पडू लागलं.

मग मासा शेण खातो का? फारसा नाही. शेण कुजतं, त्यातून नत्र आणि स्फुरद सुटतं, पाणी हिरवट होतं, त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात. कटला ते वरच्या थरात टिपतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. थोडक्यात काय, तर आपण पाणी पोसायचं, पाणी मासे पोसतं.

1957 मध्ये हिरालाल चौधरींनी ओडिशात इंजेक्शन देऊन या माशांची पैदास करून दाखवली. तोवर बीज मुख्यतः नदीतून गोळा करावं लागे. 1971 मध्ये मिश्र मत्स्यशेतीचा देशव्यापी प्रकल्प सुरू झाला. आपलं पुणेही त्यातलं एक केंद्र होतं. शेणाचं माप ठरत गेलं ते अशाच कामातून : हेक्टरी वर्षाला 10 ते 15 टन. त्यातला पाव हिस्सा बीज सोडण्याआधी पंधरा दिवस, उरलेलं हप्त्याहप्त्याने.

आता येऊ शिरूर कासारला. 2016 च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत सर्वात मोठं तळं 30 बाय 30 मीटर. हिशोब मांडला तर वर्षाला साधारण 900 ते 1350 किलो शेण लागेल. म्हणजे सुरुवातीचा हप्ता सोडला तर पंधरवड्याला 30-40 किलो. दोन बैलांच्या दावणीला हे जड नाही.

पण गोम पुढेच आहे. पावसाळ्यात तळं भरतं, मासे अंग धरतात त्यानंतरच्या महिन्यांत, आणि नेमके तेव्हाच इथले कोयते बैलगाडी जुंपून साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेले असतात. माणसं जातात, बैल जातात, बैलांबरोबर शेणही जातं! ते पडतं कारखान्याच्या गाडीतळावर, आणि तळं राहतं शिरूरला. उन्हाळ्यात गाडी परतते तोवर तळ्याने तळ गाठलेला असतो.

म्हणून मला वाटतं, इथे शेण दसऱ्याआधीच साठवायला हवं. घरी राहिलेल्या आजी-आजोबांना पंधरवड्याला दोन-तीन टोपल्या टाकणं जमेल. फक्त एक पथ्य. हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा, तळवा दिसेनासा झाला की शेण बंद. जास्त शेण कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, आणि ढगाळ दिवसानंतर पहाटे मासे वर येऊन तोंडं वासतात.

आठशे-नऊशे वर्षांपूर्वी राजाने घास भरवला. आज कोयत्यावर गेलेल्या घराला दोन टोपल्या शेणावर चार पैसे मिळाले, तर मला तो इतिहास जास्त आवडेल.