ग्रीक-तुर्की युद्ध, १८९७ : उभय पक्षांचे सैन्यबळ

क्रीटच्या प्रश्नावरून एप्रिल-मे १८९७ मध्ये ग्रीस व ऑटोमन तुर्कस्तान यांच्यात झालेले, जेमतेम महिनाभर चाललेले युद्ध. थेसालीच्या सरहद्दीवर एधेम पाशाची फौज लाखाहून अधिक होती. युवराज कॉन्स्टंटीनची ग्रीक सेना तीहून बरीच लहान होती. तथापि संख्येपेक्षा संघटनेतील तफावत अधिक निर्णायक ठरली. फोन डेर गोल्ट्स या जर्मन अधिकाऱ्याने १८८३ पासून सुमारे बारा वर्षे तुर्की सेनेची पुनर्रचना केली होती. शस्त्रांत मात्र फारसे अंतर नव्हते : ग्रीकांच्या ग्रा बंदुका एकबारी होत्या आणि बहुसंख्य तुर्की पलटणींकडेही जुन्या मार्टिनी बंदुकाच होत्या, नव्या माउझर बंदुका थोड्यांनाच मिळाल्या होत्या. २३ एप्रिलच्या रात्री लारिसाकडे माघार घेताना ग्रीक सैन्यात घबराट माजली. हा दोष शिपायांपेक्षा सेनापतित्वाचा होता. कारण व्हेलेस्टिनो येथे स्मोलेन्स्किसच्या ब्रिगेडने तुर्कांचे हल्ले परतविले. आरमारात ग्रीस निःसंशय वरचढ होता, कारण सुलतान अब्दुल हमीदची जहाजे गोल्डन हॉर्नमध्ये वर्षानुवर्षे नांगरून निकामी झाली होती. परंतु किनाऱ्यावरील किरकोळ भडिमारापलीकडे या आरमाराचा उपयोग करण्यात आला नाही. दोमोकोसच्या पराभवानंतर (१७ मे) २० मे रोजी युद्धतहकुबी झाली. डिसेंबरमधील तहान्वये ग्रीसवर ४० लाख तुर्की पौंडांची युद्धखंडणी लादण्यात आली. क्रीटला मात्र बड्या राष्ट्रांच्या दडपणामुळे १८९८ मध्ये स्वायत्तता मिळाली.