साऱ्याबाहेरचे जेवण

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जेवणाचा इतिहास म्हणजे धानाचा इतिहास, असे आपण धरून चालतो, कारण कागदपत्रे धानाची आहेत. मेजर लुसी स्मिथ याने 1869 मध्ये चांदा (म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोली) जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला, तो जमिनीचा सारा ठरवण्यासाठी. ज्यावर सारा बसतो तेच बारकाईने मोजले जाते. पण नुसता भात कोणी खात नाही. त्यासोबतची मासळी तलावातली, तरोट्याची नि कुड्याच्या फुलांची भाजी पडीतली आणि जंगलातली, तेल बरेचदा मोहाच्या बियांचे. ही बाजू खाजगी शेताने नव्हे, गावाच्या सामाईक हक्काने सांभाळली. ती खचली याचा दोष आपण रस्त्यांना आणि बदललेल्या चवीला देतो. माझ्या मते मोठा वाटा मालकी बदलवणाऱ्या कायद्यांचा आहे.

तलावांचेच पाहा. गोंड राजांच्या काळापासून बांधले गेलेले आणि पुढे मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनमालकांच्या, ताब्यात आलेले हे तलाव धानाच्या ओलितासाठी होते, हे खरेच. पण पाणी साठले की मरळ आली, शिंगाडा आला, पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध बांध्यांत चढणारी बारीक मासळी आली. ढीवरांचा व्यवसाय त्यावर चालला आणि शेतकऱ्याच्या घरी कालवणही झाले. मध्य प्रांतातल्या गावांत पाणी, चराई, सरपण, मासेमारी यांचे रिवाज निस्तार म्हणून ओळखले जात आणि वाजिब-उल-अर्ज या दस्तात त्यांतले बरेच लिहून ठेवलेले असे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. पुढे शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन असलेले जिल्हा परिषदेकडे, त्यावरचे पाटबंधारे खात्याकडे गेले. गाळ काढायचा कोणी, हा प्रश्न लोंबकळत राहिला. काठाने बेशरमाची झुडपे माजली. मासेमारी ठेक्याची झाली, आणि ठेक्याला वजनात भरणारे रोहू-कटला परवडतात, बांधीतली बारीक मासळी परवडत नाही. मालगुजार काही संत नव्हते. वेठबिगार त्यांच्याच काळातली, आणि त्यांची मालकी गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. तक्रार एवढीच की मालकी गावाकडे यायला हवी होती, ती खात्याकडे गेली.

जंगलाबाबत कायदा अधिक उघडपणे बोलतो. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात मोहाची फुले आणि बिया ‘वनोपज’ ठरल्या, आणि त्याही जंगलात मिळालेल्या असोत वा नसोत. म्हणजे स्वतःच्या बांधावरच्या मोहाखाली वेचलेली फुलेही या व्याख्येतून सुटत नाहीत. पुढे दारूबंदीमुळे दारूचा संशय त्याच फुलांना चिकटला. भाकरीत घालायची वस्तू गुन्ह्याचा माल समजली जाऊ लागली. महाराष्ट्राने मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले ते 2021 मध्ये! वास्त्यांची कथा तशीच. पावसाळ्यात बांबूला फुटणारे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, ताजे खायचे आणि वाळवून ठेवायचे. वन खाते म्हणते, कोंब कापला की बांबू संपतो. सरसकट कापले तर संपेलच, आणि हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण याच जंगलांतला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला वर्षानुवर्षे गेला, तेव्हा टोपलीभर वास्ते आणणाऱ्या बाईकडेच बोट का दाखवायचे?

कोणी म्हणेल, हे सारे दुष्काळातले, गरिबीचे अन्न; हाती पैसा आला आणि लोकांनीच ते सोडले. काही कडू कंदांबाबत हे खरे असेल. पण पहिल्या पावसानंतर आठवडी बाजारात सात्या, म्हणजे वारुळांवर उगवणारी आळंबी, आल्या की त्या नेहमीच्या भाजीपेक्षा महागच विकल्या जातात, काटवल या रानभाजीलाही भाव असतो. नाइलाजाच्या वस्तूला चढा भाव देऊन कोणी घेत नाही. उलट टोकाची समजूतही चुकीची आहे, की पूर्वी जंगलातले कुटुंब बाजाराविना जगत होते. मीठ इथे पिकत नाही. ते बंजाऱ्यांच्या बैलांवरून येई आणि मोह, चारोळी, मध देऊन घेतले जाई. त्या अदलाबदलीत चारोळीवाल्याची फसवणूकही भरपूर झाली. बाजार जुनाच आहे. बदलले ते एवढे की वेचणाऱ्या बाईचा बाजारातला माल आटत गेला आणि ती नुसती गिऱ्हाईक उरली.

2006 च्या वनहक्क कायद्याने दार पुन्हा किलकिले केले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, मग अनेक गावांना मिळाला. जुन्या निस्तार नोंदी या दाव्यांत पुरावा म्हणून चालतात. पण हक्क मिळाल्यावर चर्चा बहुधा तेंदूपत्ता आणि बांबू यांच्याभोवती फिरते, कारण पैसा तिथे दिसतो. ग्रामसभांनी जंगलाचा आराखडा करताना वास्ते कोणत्या बेटातून, किती आणि कधी काढायचे, सात्यांच्या वारुळांना कोणी हात लावायचा नाही, तलावातली कोणती मासळी ठेक्याबाहेर ठेवायची, हेही लिहून घ्यावे. आणि ते लिहिताना वेचणाऱ्या बायांना आधी विचारावे.