ट्रकमधला वजनकाटा चुकीचं वजन का दाखवतो? ‘झिरो’ दाबण्याआधी हे तपासा

माल भरला, केबिनमधल्या डिस्प्लेवर आकडा मर्यादेच्या आत दिसला आणि ट्रक निघाला. पुढे भुईकाट्यावर मात्र तोच ट्रक दोन टन जास्त भरला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार ओव्हरलोडसाठी २० हजार रुपये आणि जादाच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे. म्हणजे इथे २४ हजारांचा फटका. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही.

अशा वेळी दोष यंत्राला दिला जातो. पण अनेकदा काटा बिघडलेलाच नसतो. चिखल, पाणी, सैल वायर किंवा गाडी उभी करण्याची पद्धत आकडा चुकवते.

हा काटा वजन कसं मोजतो?

याचे मुख्य प्रकार तीन.

- लोडसेल: हे बॉडी आणि चॅसीच्या मध्ये बसवतात. भार पडला की त्यातला धातू किंचित वाकतो आणि त्यावरून वजन कळतं. १० व्होल्ट पुरवठ्यावर पूर्ण भारालाही सिग्नल साधारण २० मिलिव्होल्टच मिळतो. म्हणून कनेक्टरमधला ओलावाही आकडा बिघडवतो.
- एअर सस्पेन्शन: इथे सेन्सर हवेच्या फुग्यांमधला दाब मोजतो.
- पाटे: इथे पाटे किती दबले हे मोजलं जातं. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळे तेच वजन माल चढवताना आणि उतरवताना थोडं वेगळं दिसू शकतं.

वजन बघताना गाडी कशी उभी करायची?

जागा सपाट हवी. उतारावर भार एका बाजूला सरकतो. ब्रेक लागलेला असेल तर चाकं हलत नाहीत आणि सस्पेन्शन अडकून राहतं. म्हणून चाकांना ठोकळे लावून मगच ब्रेक सोडावा. एअर सस्पेन्शन असेल तर गाडी नेहमीच्या उंचीवर येईपर्यंत थांबावं. पाट्यांची गाडी माल भरल्यावर थोडी पुढे-मागे करून मग आकडा बघावा.

लक्षणं आणि कारणं

- आकडा सतत नाचतो: सैल कनेक्टर, सोललेली वायर किंवा जंक्शन बॉक्समधलं पाणी.
- डिस्प्ले बंद: आधी फ्यूज, बॅटरी आणि अर्थिंग तपासा.
- आकडा हळूहळू उतरतो: एअर सस्पेन्शनमध्ये हवेची गळती.
- माल वाढतो, आकडा तेवढा वाढत नाही: बॉडी कुठेतरी थेट चॅसीला टेकलेली असू शकते.
- भुईकाट्यापेक्षा दर वेळी सारखाच फरक: कॅलिब्रेशन बिघडलं आहे.

‘झिरो’ बटण धोक्याचं का?

रिकाम्या गाडीवर ३०० किलो दिसले की पटकन ‘झिरो’ दाबलं जातं. समजा, ते ३०० किलो बॉडीवर साचलेल्या चिखलाचे होते. गाडी धुतल्यावर चिखल जाईल आणि त्यानंतर भरलेला माल ३०० किलोने कमी दिसेल. लोडसेलजवळ दगड अडकला असेल तर तो मालाचा काही भार स्वतःच पेलतो. ‘झिरो’ केल्यावर डिस्प्ले ठीक दिसतो, पण दगड तिथेच राहतो. म्हणून आधी सफाई, मग कारणाचा शोध आणि शेवटी ‘झिरो’.

नेहमीची काळजी

- गाडी धुताना प्रेशरचं पाणी सेन्सर आणि कनेक्टरवर थेट मारू नये.
- चॅसीवर वेल्डिंग करण्याआधी लोडसेल आणि डिस्प्लेच्या वायर काढाव्यात. वेल्डिंगचा करंट सेन्सरमधून गेला तर तो कायमचा निकामी होऊ शकतो.
- ठरावीक काळाने रिकामी आणि भरलेली, अशी दोन्ही वजनं भुईकाट्यावर करून पावत्या जपाव्यात आणि डिस्प्लेशी ताडून बघाव्यात. पाटे, फुगे किंवा सेन्सर बदलल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करावंच लागतं.

या आकड्यावर बिल करता येतं का?

वैध मापन अधिनियम, २००९ नुसार खरेदी-विक्रीसाठी वापरायचा काटा पडताळणी होऊन शिक्का मारलेला असावा लागतो. तसा शिक्का नसेल तर ट्रकमधला आकडा फक्त अंदाजासाठी धरावा. पैशांचा हिशेब शिक्का असलेल्या काट्यावरच करावा.