सुकाणूधराचे शहाणपण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात आपण गेलो, तर भट्टीशेजारच्या पॅनेलवर एक चौकोनी डबी दिसते. तिच्यावर दोन आकडे असतात : हवे असलेले तापमान आणि प्रत्यक्षातले तापमान. मद्यार्क किंवा खनिज तेल वेगळे करणाऱ्या ऊर्ध्वपातन स्तंभांवरही याच जातीचा नियंत्रक काम करतो. मात्र तिथे त्याची खरी परीक्षा असते.

गीझरच्या नळाचा अनुभव आपल्याला आहेच. पाणी गार वाटले म्हणून नळ फिरवला, लगेच फरक पडला नाही म्हणून आणखी फिरवला, की थोड्या वेळाने हात पोळतो. स्तंभातही असेच होते. तळाशी वाफ वाढवली तरी तबकांवरचे तापमान सावकाश बदलते. तेवढ्यात अधीर नियंत्रक आणखी वाफ सोडतो आणि तापमान हेलकावे खाऊ लागते.

दुसरी अडचण दाबाची. शुद्ध इथेनॉल समुद्रसपाटीला ७८ अंश सेल्सिअसच्या किंचित वर उकळते, तर सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या नाशिकला दीड-दोन अंश आधीच. म्हणजे दाब हलला, की मिश्रण तेच असूनही तापमान बदलते. म्हणून आधी दाब स्थिर करायचा आणि मगच तापमानाच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा.

या हेलकाव्यांवरचा उपाय प्रथम सापडला तो समुद्रावर. जहाजाचा कसबी सुकाणूधर केवळ दिशा किती चुकली एवढेच पाहत नाही. जहाज किती वेगाने वळते आहे हेही तो पाहतो. निकोलस मिनॉर्स्की यांनी १९२२ मध्ये हे कसब गणितात मांडले. आत्ताची चूक, साठत आलेली चूक आणि चूक बदलण्याचा वेग, या तिन्हींवर आजचा 'पीआयडी' नियंत्रक चालतो.

पण यांतल्या प्रत्येकाला किती महत्त्व द्यायचे? हे अनुभवी माणूस अंदाजाने ठरवी. १९४२ मध्ये अमेरिकेतील टेलर कंपनीच्या झीगलर आणि निकोल्स यांनी त्यासाठी सोपी रीत दिली. आधी फक्त पहिला घटक चालू ठेवून नियंत्रकाचा जोर वाढवत न्यायचा. हेलकावे एकसारखे चालू राहिले, की तो जोर आणि एका हेलकाव्याचा काळ टिपायचा. त्या दोन आकड्यांवरून तिन्ही घटकांची मापे मिळतात.

मुंबईत ट्रॉम्बेचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५४-५५ मध्ये सुरू झाले, तोवर ही रीत जगभर पोचली होती. परंतु तिच्यात चपळाईवर भर होता. स्तंभात हेलकावे म्हणजे वाया गेलेली वाफ आणि कमी शुद्ध माल. म्हणून १९९२ मध्ये टायरिअस आणि लायबेन यांनी त्याच दोन आकड्यांवरून अधिक सबुरीची मापे सुचवली.

घरच्या गीझरवर विद्यार्थ्यांना हे अजमावता येईल. नळ किंचित फिरवावा आणि पाण्यात फरक जाणवेपर्यंतचे सेकंद मोजावेत. तेवढा वेळ थांबूनच पुढची दुरुस्ती केली, तर पाणी किती लवकर हवे तसे होते ते पाहावे. सुकाणूधराचे शहाणपण हेच होते.