पोर्ट ४४५: न्हावा शेवा थांबलं त्या दिवसाचा घटनाक्रम

१०५ दिवस आधी, १४ मार्च २०१७
मायक्रोसॉफ्टने एमएस१७-०१० ही दुरुस्ती दिली. विंडोजच्या फाइल शेअरिंगमध्ये, म्हणजे एसएमबीत, मोठं भगदाड होतं. त्याचं दार, म्हणजे पोर्ट ४४५, उघडं सापडलं की पासवर्ड न विचारता मशीन परक्याच्या ताब्यात जात होतं. दुरुस्ती फुकट होती, पण असंख्य सर्व्हरांवर ती चढलीच नाही.

७४ दिवस आधी, १४ एप्रिल
त्याच भगदाडातून शिरणारं अमेरिकी गुप्तहेर यंत्रणेचं हत्यार, इटर्नलब्लू, ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने उघड्यावर टाकलं.

४६ दिवस आधी, १२ मे
वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस आला. सुमारे दीडशे देशांतली मशीन्स अडकली. महाराष्ट्र पोलिसांच्या काही संगणकांनाही झळ बसली. यापेक्षा स्पष्ट इशारा मिळणार नव्हता.

२७ जून, मंगळवार, दुपारी २.२९ (भारतीय वेळ)
युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं एम.ई.डॉक हे सॉफ्टवेअर. त्याच्या अपडेट सर्व्हरवर कुणीतरी चोरलेल्या पासवर्डने शिरलं आणि सर्वाधिकार मिळवले. अपडेटमधून चोरदरवाजा एप्रिलपासूनच ग्राहकांच्या मशीनवर बसवला जात होता.

दुपारी २.४५च्या सुमारास
अपडेट मागणाऱ्या मशीन्सची वाहतूक हल्लेखोरांच्या सर्व्हरकडे वळली. नॉटपेट्या हा व्हायरस सुटला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या ओडेसातल्या कार्यालयात एम.ई.डॉक एका संगणकावर बसवलेलं होतं. तेवढं पुरलं.

पुढचा तास
इथे थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या ऑफिसांना धडा इथेच आहे. मशीनमध्ये शिरताच नॉटपेट्या तिथली सगळी नेटवर्क कार्डं मोजायचा. प्रत्येक कार्डापलीकडचे पत्ते गोळा करायचा आणि प्रत्येक पत्त्यावर ४४५ व १३९ ही पोर्टं ठोठावायचा. दुरुस्ती नसेल तिथे इटर्नलब्लू. दुरुस्ती असेल तिथे आधीच पकडलेल्या मशीनच्या मेमरीत राहिलेला ॲडमिनचा पासवर्ड वापरायचा, समोरच्या मशीनच्या लपलेल्या ‘ॲडमिन’ शेअरमध्ये स्वतःची प्रत टाकायची आणि ती तिथेच चालवायची.

आता परभणीतल्या एखाद्या पतसंस्थेचा किंवा दवाखान्याचा सर्व्हर डोळ्यांपुढे आणा. त्यात दोन कार्डं आहेत: एक इंटरनेटच्या राउटरकडे, दुसरं आतल्या संगणकांकडे. आतल्या संगणकांवरून सर्व्हरचा शेअर उघडत नाही. ‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’ येतं. बऱ्याचदा कारण साधं असतं. आतल्या कार्डाला गेटवे नसतो (नसायलाच हवा), त्यामुळे विंडोज त्याला ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ समजून ‘पब्लिक’ ठरवतं आणि फायरवॉल ४४५ बंद करते. काउंटरवर रांग लागलेली, साहेब मागे उभे. मग फायरवॉल सरसकट बंद होते, शेअर उघडतो आणि तंत्रज्ञ पुढच्या कामाला जातो. पण ४४५ आता दोन्ही कार्डांवर उघडं आहे. दोन वेगळी ठेवलेली नेटवर्कं त्या एका डब्यातून जोडली गेली.

दुपारनंतर
मर्स्कच्या कोपनहेगनमधल्या मुख्यालयात स्क्रीन काळे पडू लागले. डिस्क दुरुस्त होत असल्याचा संदेश दिसायचा. प्रत्यक्षात फाइलींची अनुक्रमणिका कुलूपबंद होत असायची. नंतर ३०० डॉलरच्या बिटकॉइनची मागणी. पैसे भरूनही डेटा परत मिळण्याची सोय त्यात नव्हतीच. मर्स्कला जगभरचं जाळं तोडायला दोन तासांहून अधिक वेळ लागला.

संध्याकाळी ६.०३
एम.ई.डॉकच्या सर्व्हरची मांडणी पूर्ववत करण्यात आली. तोवर काम झालेलं होतं.

त्याच दिवशी, न्हावा शेवा
जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया मर्स्क समूहाची एपीएम टर्मिनल्स चालवते. त्याची क्षमता तेव्हा वर्षाला वीस फुटी मापाचे १८ लाख कंटेनर होती. संगणक गेले आणि टर्मिनल ठप्प झालं. क्रेन धडधाकट होत्या, पण कोणता कंटेनर यार्डात कुठे रचलाय, कोणत्या जहाजावर चढायचाय, हे यंत्रणेलाच ठाऊक असतं.

२८ जून
बंदराने खोळंबलेल्या वाहनांसाठी पार्किंगची जागा करून दिली आणि काम हाताने रेटायचा प्रयत्न सुरू झाला.

पुढचे दिवस
मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. पासवर्डांचा मूळ साठा सांभाळणाऱ्या सर्व्हरची एकच प्रत वाचली, घानामध्ये, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती.

तुमच्या सर्व्हरमध्ये दोन कार्डं असतील तर आजच बघा. इंटरनेटकडच्या कार्डावरची ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ची टिक काढा. गेटवे त्या एकाच कार्डावर ठेवा. आतलं कार्ड ‘प्रायव्हेट’ करा आणि ४४५ फक्त आतल्या पत्त्यांसाठी उघडा. एसएमबीची पहिली आवृत्ती बंद करा. रोजच्या कामाला ॲडमिनचं लॉगिन वापरू नका, बॅकअपची एक प्रत केबल काढून ठेवा. आणि शेअर उघडत नाही म्हणून कुणी फायरवॉल बंद करू लागलं, तर त्याचा हात धरा.