भूल उतरल्यानंतर काय?

"डॉक्टर, आईचं खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन करा म्हणतात. पण या वयात पूर्ण भूल दिली तर ती सगळं विसरेल का हो?" नेरूळच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न अधूनमधून येतोच. प्रश्न रास्त आहे. वैद्यकशास्त्राला मात्र तो फार उशिरा सुचला.

1888 आणि 1889 मध्ये निजामाच्या हैदराबादेत क्लोरोफॉर्म कमिशन बसले. (आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता.) सर्जन एडवर्ड लॉरी यांनी शेकडो प्राण्यांना, त्यात भटकी कुत्री पुष्कळ, क्लोरोफॉर्म देऊन पाहिले. दुसऱ्या खेपेला लंडनहून लॉडर ब्रंटन आले, खर्च निजामाचा. निष्कर्ष निघाला, की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून नाडी सोडा, श्वासाकडे बघा. पुढे 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाही हृदय एकाएकी बंद पडू शकते. म्हणजे लॉरी चुकले होते. पण माझ्या मते खरी उणीव वेगळी होती. कमिशनला जाणून घ्यायचे होते ते एवढेच, की जीव जातो कसा. शुद्धीवर आलेले म्हातारे कुत्रे महिनाभराने कसे वागते, हे कुणी पाहणार नव्हते.

माणसांबद्दल हा प्रश्न 1955 मध्ये बेडफर्ड यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडला. ऑपरेशननंतर काही वृद्ध पहिल्यासारखे राहिले नाहीत, असे घरचे सांगत होते. 1998 च्या मोठ्या पाहणीत साठीपुढच्या दर चार रुग्णांपैकी एकाची बुद्धी आठवड्यानंतर मंदावलेली दिसली. तीन महिन्यांनी हे प्रमाण दहात एक झाले. पण दोष भुलीचा, शस्त्रक्रियेचा की आजाराचा? ऑपरेशन नसताना आजोबांना नुसती भूल कोण देणार?

उंदरांना देता येते. 2003 मध्ये बोस्टनच्या कली आणि क्रॉस्बी यांनी तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांना आयसोफ्लुरेन व नायट्रस ऑक्साइडची फक्त भूल दिली, चिरफाड काही नाही. नंतर त्यांना अनेक फाट्यांच्या चक्रव्यूहात खाऊ शोधायला सोडले. भुलीचा स्मरणशक्तीवरचा परिणाम कित्येक आठवडे टिकला. उंदराचे आयुष्यच दोन-तीन वर्षांचे, तेव्हा हे आठवडे थोडे नव्हेत.

हे वाचून कुणी घाबरेल. म्हणून पुढचेही सांगतो. 2021 मध्ये अमेरिका व कॅनडात खुबा मोडलेल्या 1600 रुग्णांपैकी निम्म्यांना पूर्ण भूल आणि निम्म्यांना पाठीतून इंजेक्शन अशी वाटणी केली. ऑपरेशननंतर भ्रम होण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच निघाले. चीनमधल्या 950 वृद्धांच्या अभ्यासातही तसेच. माणसात जखमेने उठणारा दाह, वेदना, झोपमोड, औषधे आणि आधीचा विसराळूपणा हे सगळे एकत्र येते; एकट्या भुलीवर खापर फोडता येत नाही.

म्हणून त्या मुलाला मी सांगितले, ऑपरेशन लांबवू नका. अंथरुणात पडून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात. भूलतज्ज्ञांना आईचा विसराळूपणा आणि झोपेच्या गोळ्या आधीच सांगा. आणि शुद्धीवर आल्या आल्या तिचा चष्मा व कानाचं यंत्र तिला द्या, ते घरी कपाटात ठेवून येऊ नका.